स्फिंक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

देवनागरी अंक आणि तारखा हाताळणारी एक छोटी मुक्त स्रोत पायथन लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) आम्ही पाच जण फावल्या वेळात सांभाळतो. पूर्वी कोड रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) आणि माहितीची पाने विकीवर अशी विभागणी होती, त्यामुळे फंक्शनचे नाव बदलले तरी विकीवर जुनेच नाव राहून जायचे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही सगळी पाने रिपॉझिटरीत आणली आणि साध्या मजकुराच्या फाइलींपासून दस्तऐवजीकरणाची पाने तयार करणारे स्फिंक्स वापरू लागलो. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजीकरणासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी घडवलेले हे साधन २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

सर्वांत मोलाची ठरली ती डॉकटेस्टची सोय. पानावरचे उदाहरण प्रत्यक्ष चालवून, छापलेले उत्तर आणि मिळालेले उत्तर जुळते का, हे ती तपासते. पहिल्याच फेरीत ‘सुरुवात कशी करावी’ या पानावरचे तिसरे उदाहरण अडकले: पानावर '15' असे अवतरणचिन्हांतले अक्षररूप उत्तर होते, फंक्शन मात्र दोन आवृत्त्यांपासून पूर्णांक देत होते. आपलेच काहीतरी चुकले असे समजून किती नवख्यांनी तिथूनच पाठ फिरवली असेल, या विचाराने मला फार वाईट वाटले.

नियोजनात आमची एक चूक झाली. पाने तयार करताना स्फिंक्स देत असलेल्या प्रत्येक इशाऱ्याला त्रुटी मानणारा ‘-डब्ल्यू’ हा पर्याय आम्ही जुने इशारे निस्तरण्याआधीच स्वयंचलित तपासणीत घातला. त्यामुळे एका शब्दाचे शुद्धलेखन सुधारणाऱ्या नव्या सहकाऱ्याचा बदलही, त्याचा काडीचा संबंध नसलेल्या तुटक्या दुव्यामुळे नापास झाला. शेवटी तो पर्याय काढून, एकेक विभाग स्वच्छ करून, मगच तो पुन्हा लावला. हा क्रम आधीच आखला असता तर त्या सहकाऱ्याचे दोन आठवडे वाया गेले नसते.

मजकुराची मांडणी डायटॅक्सिस पद्धतीनुसार शिकवणी, कृतिदर्शन, संदर्भ आणि विवेचन अशा चार भागांत केली; त्यात फारशी अडचण आली नाही.

मराठी अनुवाद गेटटेक्स्ट या अनुवादाच्या साधनाच्या पीओ फाइलींतून (मूळ मजकूर आणि त्याचा अनुवाद जोडीने ठेवणाऱ्या फाइलींतून) चालतो. मूळ परिच्छेद बदलला की जुन्या अनुवादावर ‘फझी’ (पुन्हा तपासायला हवा) अशी खूण लागते आणि मूळ सेटिंगनुसार तो अनुवाद न दिसता इंग्रजी परिच्छेद दिसतो. मराठी पानात मध्येच इंग्रजी येणे खटकते, तरीही चुकीची सूचना मराठीत देण्यापेक्षा हे बरे, असे माझे ठाम मत आहे. शोधाची बाजू मात्र लंगडी आहे. शब्दाचे मूळ रूप ओळखून शोध घेण्याची सोय ज्या भाषांसाठी आहे त्यांत मराठी नाही, म्हणून ‘तारीख’ आणि ‘तारखेला’ हे शोधाच्या लेखी निराळे शब्द ठरतात. त्यावर उपाय म्हणून आम्ही मूळ रूपांची शब्दसूची हाताने लिहीत आहोत.

बाहेरच्या दुव्यांची लिंकचेक तपासणी आता प्रत्येक बदलाबरोबर न करता आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, स्वतंत्रपणे चालते, कारण परक्या संकेतस्थळाचा सर्व्हर बंद पडला म्हणून आमच्या सहकाऱ्याचे काम अडकणे योग्य नाही.