शार्लट्सव्हिल: मथळ्यात एक वाक्य की पूर्ण उत्तर?

अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात अमेरिकी यादवीतल्या दक्षिणेच्या सेनापतीचा पुतळा हटवण्याविरुद्ध गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मेळावा भरवला, आणि त्यांच्यात व विरोधी निदर्शकांत हिंसाचार झाला. त्यावर दोन्ही बाजूंना ‘फार चांगली माणसं’ होती, असं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प १५ ऑगस्ट २०१७ ला म्हणाले. एवढंच मथळ्यात टाकलं तर बातमी झटकन पोचते. पण निओ-नाझींचा पूर्ण निषेध व्हायला हवा, हेही त्यांनी त्याच पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. ते गाळलं की ट्रम्प यांच्या समर्थकांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

म्हणून मला पूर्ण उत्तर छापणंच पटतं. मात्र नुसतं छापून भागत नाही. मेळाव्याच्या आदल्या रात्री लोक पुतळा हटवू नये म्हणून शांतपणे निदर्शनं करत होते, हा त्या उत्तरातला ट्रम्प यांचा दावा. प्रत्यक्षात ११ ऑगस्टच्या त्या रात्री व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात मशाली पेटवून ज्यूंविरुद्ध घोषणा दिल्या गेल्या. हे दाव्याच्या लगेच पुढच्या ओळीत यायला हवं, आतल्या पानावर नव्हे.