हॅवलॉकचा ‘प्रायव्हेट कोरल पॉइंट’

साडेतेरा हजार गेले, वर फोटोंचे दीड हजार. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं ऐकून झाल्यावर प्रत्येक जण तेवढंच विचारतो. अंदमानला निघाला असाल आणि गर्दी नसलेला, ‘फक्त आपल्या लोकांसाठीचा’ स्नॉर्केलिंगचा (मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायचा) पॉइंट कुणी देऊ करत असेल, तर त्याला पैसे पाठवायच्या आत हे वाचा.

या वेडाची सुरुवात मालवणात झाली. तीन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला मुलीने पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात तोंड घातलं. पाणी त्या दिवशी ताकासारखं होतं, तरी दोन-चार मासे दिसले आणि बाई खूश. तेव्हापासून घरात एकच घोषा, खरं कोरल, म्हणजे प्रवाळ, बघायचं. दहावी झाली की अंदमान, असं मी कबूल करून बसलो होतो.

शोधायला बसलो तर सगळीकडे तीच नावं. हॅवलॉक बेटावर एलिफंट बीच, नील बेटावर भरतपूर, पोर्ट ब्लेअरसमोर नॉर्थ बे. (हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, पण तिथे जेट्टीवरसुद्धा सगळे जुनीच नावं घेतात.) आणि प्रत्येक फोटोत तेच दृश्य: काळ्या ट्यूबा, केशरी जॅकेटं, माणसांवर माणसं. मला ते नको होतं. आपण काही तसले टूरिस्ट नाही, असा एक माज असतो ना, तो मला होता. गळाला लागलो तो त्या माजापायीच.

नंबर मिळाला सोसायटीच्या ग्रुपवर. ‘अंदमान स्पेशालिस्ट, आपला मराठी माणूस.’ फोनवर बोलणं इतकं गोड की काय सांगू. “दादा, एलिफंट बीचला जाऊच नका. तिथे जत्रा असते. आपला एक प्रायव्हेट कोरल पॉइंट आहे, छोट्या बोटीने नेतो. वहिनींना पोहता येत नसलं तरी काळजी नाही.” माणशी साडेचार हजार, त्यात तीन तास, गाइड, मास्क-फिन्स, पाण्याखालचे फोटो सगळं आलं. पॉइंटचं नाव विचारलं, तर म्हणाला, “दादा, नाव सांगितलं तर तो प्रायव्हेट कसा राहील?” आम्ही दोघंही हसलो. मला ते पटलंसुद्धा! सोबत एक फोटो आला, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, मागे निळंशार पाणी. मुलीने तो लगेच वॉलपेपर केला.

पैसे पूर्ण आधी, यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं, तर “ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, दादा.” पावती मागितली तर अंगठा आणि दोन हात जोडलेले.

एकच शहाणा प्रश्न घरात विचारला गेला, तो सासऱ्यांनी. ते देवगडचे. “भरती कधी आहे त्या दिवशी?” कोकणात तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे त्यांचं जन्माचं गणित. अंदमानात ते जसंच्या तसं लागू होत नाही, कारण भरतीची वेळ जागेप्रमाणे बदलते, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. उथळ कोरलवर ओहोटीत गेलं की गुडघाभर पाण्यात खरचटून घेण्यापलीकडे काही होत नाही, आणि पाणी उतरायला लागलं की वाळू ढवळून गढूळ होतं. त्या-त्या बंदराचं भरतीचं कोष्टक फुकट बघायला मिळतं. एजंटला मी ते विचारलं नाही. एवढा गोड बोलतोय, त्याला काय परीक्षा घेतल्यासारखं विचारायचं!

सकाळी सहाला गाडी येणार होती, ती आली साडेआठला. अंदमानात हा उशीर आपल्याकडच्यासारखा धरायचा नाही. ती बेटं इतकी पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरातही साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचला दिवस संपतो. साडेआठ म्हणजे निम्मी सकाळ गेलेली. गाडीत विशीतला एक मुलगा होता, बंगाली वळणाची हिंदी बोलणारा. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची. गावांची नावंही गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी. मुलगा सभ्य होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला या कामाचे आठशे मिळणार होते, हे त्यानेच नंतर सांगितलं.

बोट जेट्टीवर असेल असं मी धरून चाललो होतो. गाडी निघाली उलट्या दिशेला, राधानगरला. राधानगरचा किनारा देखणा आहे, वाद नाही, पण तिथे सगळी वाळू आणि लाटा. कोरल बघायला तिथे कोणी जात नाही. मुलगा आम्हाला किनाऱ्याच्या पार टोकाला घेऊन गेला. खडकांच्या आड एक लगून आहे, पाचूच्या रंगाचं शांत पाणी, चिटपाखरू नाही. नील्स कोव्ह म्हणतात त्याला. पिशवीतून त्याने तीन मास्क काढले. एकाचं रबर चिकटपट्टीने जोडलेलं.

“यहाँ कोई नहीं आता, सर,” तो म्हणाला.

बायको तोवर मागे उभी राहून पाटी वाचत होती. पाटीवर मगरीचं चित्र होतं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पैशापेक्षा हे मोठं आहे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाड्यांत, खारफुटीत आणि क्वचित उघड्या किनाऱ्यावरही. २०१० मध्ये राधानगरच्या याच बाजूला स्नॉर्केलिंग करणारी एक अमेरिकन तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. मी हे परत आल्यावर वाचलं. त्या क्षणी मला फक्त चित्र दिसत होतं, आणि माझी मुलगी घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. तिला हाक मारली ती माझ्या घशातून नीट बाहेरसुद्धा आली नाही. तेवढ्यात लांबून जीवरक्षकाची शिट्टी वाजली. कोणी का येत नाही, याचा उलगडा झाला.

एजंटला फोन लावला. “दादा, तो नवीन पोरगा आहे, चुकला. आपला पॉइंट पुढे आहे, थोडं चालावं लागेल.” आणि आम्ही चाललो! आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण साडेतेरा हजार गेलेला माणूस लवकर मागे फिरत नाही. राधानगरच्या रस्त्यावरून जंगलात एक पायवाट उतरते. पाऊण तास चिखल, मुळं, बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला, माझ्या खांद्यावर तीन मास्क आणि पाण्याच्या बाटल्या. शेवटी झाडी संपली आणि समोर आलं काय? काळ्या ट्यूबा, केशरी जॅकेटं, माणसांवर माणसं.

एलिफंट बीच. आडवे पडलेले तेच पांढरे ओंडके, जे मी पन्नास फोटोंत बघितले होते. लोक जेट्टीवरून बोटीने वीस मिनिटांत आरामात येऊन उतरत होते. शेजारच्या नागपूरच्या गृहस्थांनी माणशी बाराशे दिले होते, आणि स्नॉर्केलिंगची एक फेरी त्यातच होती.

ती फेरी कशी असते ते सांगतो, म्हणजे अपेक्षा बेताची राहील. कमरेभोवती ट्यूब, तोंडात नळी, आणि एक जण दोरीने तुम्हाला ओढत कोरलवरून फिरवून आणतो. दहा-पंधरा मिनिटं. ज्याला पोहता येत नाही त्याला हे ठीक आहे, मी नावं ठेवणार नाही. आमच्याबरोबर आलेल्या त्या गाडीतल्या मुलाने तिथल्याच एका ओळखीच्या ट्यूबवाल्याला पटवलं आणि आम्हालाही तेच मिळालं. तीन तासांतली पंधरा मिनिटं. गाइड नाही, फिन्स नाहीत, बोट तर नाहीच.

पाण्याखाली बराचसा भाग मोडक्या फरशांच्या ढिगाऱ्यासारखा करडा. २०१० मध्ये समुद्र जास्त तापला तेव्हा अंदमानातलं कोरल मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, त्याचा रंग आणि बरंचसं अन्न त्या शेवाळातून येतं. पाणी आठवडेच्या आठवडे गरम राहिलं की शेवाळ निघून जातं, कोरल पांढरं पडतं, आणि ते सावरलं नाही तर मरून मागे सांगाडा उरतो. पुढे २०१६ मध्ये पुन्हा तेच. त्यामुळे जाहिरातीतली निळी-जांभळी बाग सगळीकडे असेल असं धरून जाऊ नका. तरीही मधेमधे जिवंत ठिपके होते. मुलगी वर आली ती डोळे मोठे करून. “बाबा, आवाज येतोय खाली!” मी कान पाण्यात धरला. खरंच, कुरकुर, कुरकुर, कुणी खडीसाखर चावत असल्यासारखं. पोपटमासे कोरल खरवडून खात होते. त्या दिवसाच्या हिशेबात जमेच्या बाजूला एवढंच.

बाहेर आल्यावर फोटो. पॅकेजमधले फोटो ‘लो क्वालिटी’चे निघाले, चांगले हवे तर दीड हजार, आणि रोख, कारण “नेटवर्क नहीं है.” चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आली, हॅवलॉकपर्यंत पोचली, माझ्या फोनला चार काड्या दिसत होत्या. तरी दिले. मुलीसमोर आणखी वाद नको होता.

मेमरी कार्डवर एकवीस फोटो. आमचे सहा, आणि तेही ट्यूबमधले, पाण्यावरचे. बाकी पंधरा नुसते मासे, कासव, जांभळं कोरल. आम्ही कासव पाहिलंच नव्हतं. एका क्लाउनफिशच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आला होता, नखाखाली काळा डाग असलेला.

परतीच्या फेरीबोटीत शेजारी कोल्हापूरचं जोडपं बसलं होतं, नवीन लग्न झालेलं. आपली माणसं भेटली की फोटो दाखवणं ओघाने आलंच. त्यांनी दाखवायला सुरुवात केली आणि सातव्या-आठव्या फोटोला मुलीने माझा हात दाबला. तोच क्लाउनफिश, तोच अंगठा, तोच काळा डाग. मी फोन काढून एजंटचं चॅट वर-वर सरकवत ऑक्टोबरपर्यंत गेलो. त्याने पाठवलेला पहिला फोटो, जो मुलीच्या वॉलपेपरवर होता, तो मोठा करून बघितला. फक्त डावी बाजू कापलेली होती.

त्या जोडप्याचे गेले होते नऊ हजार. एजंट वेगळा, नंबर वेगळा, पण ‘प्रायव्हेट पॉइंट’ हे शब्द तेच.

परत येऊन १९३० वर फोन केला, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत आणि काही ना काही सेवा मिळाली, तर हा ग्राहक तक्रारीचा विषय, असं उत्तर आलं. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार घ्यायला ते तयार होते, पण कोणाविरुद्ध? कंपनीचं नाव चॅटमध्ये एक, खात्यावर त्या बाईचं, पत्ता कुठेच नाही, पावतीच्या जागी जोडलेले हात. तोवर त्याने मला ब्लॉक केलं होतं. पैसे आले नाहीत.

चांगलं कोरल आम्हाला दिसलं ते शेवटच्या दिवशी, कुणाही एजंटशिवाय. जॉली बॉय. पोर्ट ब्लेअरहून वांडूरला जायचं, तिथल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात हे निर्मनुष्य बेट येतं. वनखात्याचं परमिट लागतं. प्लास्टिक नेता येत नाही, पिशव्या तपासतात, बायकोच्या पर्समधून बिस्किटाचा पुडासुद्धा काढला. बेटावर जेट्टी नाही, मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या छोट्या होडीत उतरवतात. हे बेट साधारण नोव्हेंबर ते मे उघडं असतं, बाकीचे महिने रेड स्किन हे दुसरं बेट, म्हणजे दोन्हींना आलटून-पालटून विश्रांती. या वेळी मी निघायच्या आधीच भरती विचारली. परमिटच्या खिडकीवरच्या माणसाने लगेच वेळ सांगितली, त्याला त्यात काही परीक्षा वाटली नाही.

मागच्या महिन्यात मेहुणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याच माणसाचं स्टेटस, नवीन नंबरवरून. फोटोत आमची मुलगी पाण्यात, हात वर करून हसतेय. खालून फोटो असा कापलाय की ट्यूब दिसत नाही. ‘प्रायव्हेट कोरल पॉइंट. मोजक्याच जागा शिल्लक.’ तो फोटो स्टेटसवरून उतरवायला लावायच्या आधी मेहुणीने गिऱ्हाईक होऊन त्याला एकच प्रश्न विचारला, वडिलांचाच. त्या दिवशी भरती किती वाजता आहे?

दोन मिनिटांत उत्तर आलं. “ताई, आपला पॉइंट प्रायव्हेट आहे. तिथे भरती-ओहोटी नसते.”