एका लायनीवर दोन मोडेम आणि माझे ३,०५० रुपये

साल २०००. नाशिकच्या घरी विंडोज ९८ चा कॉम्प्युटर आणि त्यात ५६ के चा एक इंटर्नल मोडेम, म्हणजे फोनच्या लायनीवरून नंबर लावून इंटरनेट जोडून देणारं कार्ड. भाऊ न्यू जर्सीला. त्याच्या लेकीचे फोटो मेलने यायचे, वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उघडायचे, आणि निम्मा चेहरा दिसतोय तोच आई आतल्या खोलीत फोन उचलायची. कनेक्शन गेलं!

कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा मुलगा बोलायला गोड. म्हणाला, "काका, दुसरा मोडेम टाकू. दोन मोडेम, डबल स्पीड." मोडेमचे २,२००, एका लायनीच्या दोन करणाऱ्या स्प्लिटरचे ३५० आणि "डबलिंगच्या सेटिंग"चे ५००. कागदाच्या चिटोऱ्यावर बेरीज मांडून दिली, तेच बिल.

दुसरं कार्ड बसवलं, भिंतीवरच्या एकाच सॉकेटमधून दोन वायरी काढल्या आणि डायल केलं. मोडेम नेहमीसारखा किंचाळला, घड्याळाशेजारी ते दोन छोट्या पडद्यांचं चित्र आलं. त्याने त्यावर माउस नेला. एरवी तिथे वेग म्हणून सेकंदाला ४४,००० नाहीतर ४५,३३३ बिट दिसायचं. आता चक्क १,१५,२००! "बघा काका, ५७,६०० दुणे किती?" मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पैसे मोजले. गणित बरोबर होतं, हेच वाईट.

पंधरा दिवस मी खूश. शेजाऱ्यांनाही आकडा दाखवला. मग एका रात्री तीन एमबीचं गाणं उतरवायला घेतलं, तर तीच जुनी अकरा-बारा मिनिटं. सेकंदाला साडेचार केबी. १,१५,२०० खरं असतं तर त्याच्या दुपटीहून जास्त पडायला हवं होतं. शंका आली म्हणून डाउनलोड चालू असतानाच जुन्या मोडेमची वायर उपटली. काही झालं नाही. आकडा तसाच, गाणंही तसंच सरकत होतं.

आमच्या वाड्यात टेलिफोन एक्स्चेंजमधले एक काका राहायचे. त्यांना स्प्लिटर दाखवला तर ते हसायलाच लागले. "अरे, एका लायनीवर एका वेळी एकच कॉल. पहिला मोडेम बोलत असताना दुसऱ्याला डायल टोन कुठून मिळणार?" स्प्लिटर बाजारात पंचवीस रुपयांना मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं.

आकड्याचं कोडं त्यांच्या मुलाने सोडवलं. १,१५,२०० हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला वेग, फोनच्या तारेवरचा नव्हे. कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी (मोडेम चालवणाऱ्या प्रोग्रामऐवजी) विंडोजमधला 'स्टँडर्ड मोडेम' निवडला की एकटा मोडेमसुद्धा हाच आकडा दाखवतो. त्याने मोडेमच्या जादा सेटिंगच्या चौकटीत 'डब्ल्यू२' (तारेवरचा वेग सांग, अशी मोडेमला आज्ञा) एवढंच टाइप करून पुन्हा डायल केलं. ४५,३३३.

दोन मोडेम जोडता येतच नाहीत असं नाही. विंडोज ९८ मध्ये त्यासाठी मल्टिलिंक नावाची सोय होती. पण त्याला दोन फोन लायनी लागतात, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या बाजूनेही मल्टिलिंक चालू असावं लागतं, आणि बिल दोन्ही फोनांचं येतं. माझ्या कंपनीला विचारलं तर एका खात्यावर एकच लॉगिन. आणि ज्या सेटिंगचे मी ५०० मोजले, तो मल्टिलिंकचा टॅब उघडला तर तिथे 'जादा उपकरण वापरू नका' याच पर्यायावर टिंब. पठ्ठ्याने हातही लावला नव्हता.

त्याला गाठलं तर म्हणाला, "मोडेम चालतोय ना काका?" चालत होता. स्प्लिटरही चालत होता. विकलेली एकही वस्तू खोटी नव्हती, त्यामुळे भांडायचं कशावर तेच सुचेना. वर म्हणाला, दुसरी लाईन घ्या, चौपट करून देतो.

परवा भाचीचा फोन आला. दोन ब्रॉडबँड कनेक्शनं जोडून वेगाची बेरीज करणारा डबा तिला कोणी विकायला आलाय. अशा डब्यांत साधारणपणे कामं दोन वाटांवर वाटली जातात. घरात पाच जण एकदम बसले तर फायदा, पण एक फाइल एकाच वाटेने उतरते. मी म्हटलं, पैसे देण्याआधी एक मोठी फाइल उतरवायला लाव आणि मध्येच एक वायर काढून बघ.

तासाभराने तिचा मेसेज आला: "मामा, तो वायरीला हात लावू देत नाहीये."