इंजिन बंद, सॉकेट चालू : पिकअपवर आठ महिने दुकान लावल्यानंतरचा अनुभव

आधी गाडीबद्दल. एक टनाची डिझेल पिकअप, चार वर्षं वापरलेली. बॅटरी १२ व्होल्टची, वर ७५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे किती अँपिअर किती तास पुरतील) छापलंय, दोन वर्षांपूर्वी बदललेली. गिअरच्या पुढं डॅशबोर्डवर एक सॉकेट, त्याच्या झाकणावर १२ व्होल्ट, १२० वॅट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं त्यात गाडीचा दोष थोडा आणि माझा बराच आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षवाले. व्यापाऱ्याच्या दराला कंटाळून यंदा जानेवारीच्या शेवटापासून थेट पुण्यात विकायला लागलो. मुक्काम चिंचवडला मेव्हण्याकडं आणि संध्याकाळी ४ ते १० वाकडच्या सोसायट्यांच्या गेटवर गाडी. द्राक्षं संपली की देवगडचा आंबा, पावसाळ्यात डाळिंब आणि ड्रॅगन फ्रूट. म्हणजे रोज सहा तास गाडी जागेवर, इंजिन बंद, आणि विजेची बारकी-बारकी गिऱ्हाइकं मात्र चालूच: हौद्यावरच्या एलईडी पट्ट्या, वजनकाट्याचं चार्जिंग, दोन मोबाइल, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा साउंडबॉक्स, आणि "तासगावची द्राक्षं" म्हणणारा भोंगा. इंजिन चालू ठेवून बसायची सोय नव्हतीच. डिझेलचं सोडा, गेटसमोर धूर आणि घरघर सुरू झाली की पाच मिनिटांत वॉचमन हजर.

सुरुवातीला सॉकेटात १५० वॅटचा छोटा इन्व्हर्टर खोचला, त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात सगळं. चावी पहिल्या घरात, म्हणजे एसीसीवर, जिथं इंजिन बंद असतं पण सॉकेट चालतं. माझ्या गाडीत चावी काढली की सॉकेट मरतं. काही गाड्यांत ते कायम जिवंत असतं, तिथं तर जास्तच सांभाळायला हवं. आठ दिवस झकास गेले. सकाळी गाडी किंचित आळसावून चालू व्हायची, पण थंडी आहे म्हणून मी सोडून दिलं.

नवव्या दिवशी मेव्हण्याचं पोरगं सोबत होतं. दुपारच्या उन्हात केबिनमध्ये बसून त्याला उकडायला लागलं, म्हणून त्यानं ब्लोअरसाठी चावी एक घर पुढं, ऑनवर नेली. ब्लोअर नंतर बंद केला, चावी तशीच राहिली. रात्री १० वाजता पट्ट्या पिवळट पडल्या, भोंगा बोबडा बोलायला लागला. चावी फिरवली तर टक-टक-टक-टक, आणि मीटरचे दिवे गुल.

मागं दहा-बारा क्रेट माल होता. वॉचमनकाका आणि जिममधून परतणारी दोन पोरं, असा धक्का मारला. दुसऱ्या गिअरात क्लच सोडला, चाकं घासत गेली, इंजिन ढिम्म. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. मी आशेनं त्याच्याकडं पळालो, तर ड्रायव्हर म्हणाला, "दादा, माझी २४ व्होल्टची हाय. केबल लावली तर तुझी सगळी वायरिंग जाळून बसंल." हे मला माहीतच नव्हतं. त्या माणसानं गप्प केबल लावली असती तर? शेवटी एका कॅबवाल्यानं जंपर दिला. लाल केबल प्लसला प्लस, काळी त्याच्या मायनसवरून माझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सव्वाअकराला गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून सगळं दाखवलं. माझा सगळा पसारा एकदम चालू असला की ६ अँपिअर. चावी ऑनवर नेली की त्यात आणखी ५, कारण मग इंजिनचा कॉम्प्युटर, रिले, मीटर, सगळंच जागं राहतं. म्हणजे सगळं सतत चालू राहिलं तर ११ अँपिअर, सहा तास. ६६ एएच. दोन वर्षं वापरलेल्या ७५ च्या बॅटरीत तेवढं असतंच असं नाही.

पण खरी गोम आधीच्या आठ दिवसांत होती. पट्ट्या अंधार पडल्यावर, भोंगा अधूनमधून, असा रोजचा साधारण २५ एएच खर्च व्हायचा. वाकड ते चिंचवड पंचवीस मिनिटांच्या ड्रायव्हिंगमध्ये तो सगळा परत जात नव्हता. ॲसिडची बॅटरी सुरुवातीला भराभर घेते आणि शेवटचा भाग तासन्‌तास लावून घेते. "जरा गाडी फिरवून आण, भरंल बॅटरी" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. धक्का मारून बॅटरी पडलेली गाडी सुरू होते, हेही. जुन्या डिझेल गाड्यांना ते चालायचं. आताच्या इंजिनात इंजेक्टरलाच करंट लागतो, आणि बॅटरी पार बसली की चौघांनी काय, चाळीसांनी धक्का मारला तरी काही होत नाही. उधारी आठ दिवस साठत होती, पोरानं फक्त नवव्या दिवशी वही उघडली.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, पट्ट्या इन्व्हर्टरवरून काढल्या. मी काय करत होतो बघा: बॅटरीच्या १२ व्होल्टचे इन्व्हर्टरमध्ये २३० करायचे, आणि पट्टीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये परत १२. दोन्हीकडं गळती, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतःसाठी थोडं खातोच. पट्ट्या मुळातच १२ व्होल्टच्या, त्या सरळ जोडल्या. मोबाइल आणि साउंडबॉक्सला साधा कार चार्जर. इन्व्हर्टर आता फक्त भाच्याच्या लॅपटॉपपुरता, तोही क्वचित.

दुसरी, २५० रुपयांचा व्होल्टमीटर असलेला प्लग. सगळं बंद करून थोडा वेळ थांबून बघायचं: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.२ दिसलं की माझं दुकान बंद, मग गिऱ्हाईक कितीही उभं असो. लोड चालू असताना आकडा कमी दिसतो, सॉकेटच्या बारीक वायरीतही थोडे पॉइंट जातात, त्यामुळं तेव्हाच्या आकड्यावर घाबरायचं नाही. स्टार्टरची बॅटरी दोन-तीन सेकंद जोर लावायला बनवलेली असते. तिला रोज निम्म्याच्या खाली नेलं की ती महिन्यागणिक म्हातारी होते. फेब्रुवारीतल्या त्या एका रात्रीनं माझ्या बॅटरीचं किती आयुष्य गेलं ते ती बदलायची वेळ आली की कळेल.

एक गंमत. इंजिन चालू असलं की भोंग्यात बारीक कुईंऽऽ आवाज यायचा, रेस केली की चढायचा. इंजिन बंद केलं की आवाज साफ. मला वाटलं ॲम्प्लिफायर बिघडला. मिस्त्री म्हणाला, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर गातोय तुमच्यासंगं.

आता मिक्सरची गोष्ट, कारण इथं बरेच जण फसत असतील. आंब्याच्या सीझनला बायकोची कल्पना: काकूंना चमचाभर आमरस चाखवला की पेटी उचलतातच. कल्पना शंभर टक्के बरोबर होती. मिक्सर ५०० वॅटचा. १५० चा इन्व्हर्टर टीं करून बंद पडला. मग ६०० वॅटचा आणला आणि त्याच सॉकेटात लावला. फ्यूज उडाला. मी शहाण्यानं १० अँपिअरचा काढून २० चा फ्यूज टाकला. परत चालवला, मिक्सर गरगरला, काकू खूश, आणि केबिनमधून प्लॅस्टिक जळाल्याचा वास. प्लग काढला तर त्याचं तोंड मऊ झालेलं, मधली पिन काळी.

हिशेब साधा होता, मी केला नव्हता. ५०० भागिले १२ म्हणजे पूर्ण जोरावर ४२ अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरून पन्नासच्या आसपास. सॉकेट १० चं. मिस्त्री पहिल्यांदा चिडला: "आवो, फ्यूज वायरीसाठी असतोय, मिक्सरसाठी न्हाई. वायर तीच ठेवून फ्यूज मोठा टाकलासा, तर आता वायरच फ्यूज झाली की." सॉकेट बदललं, वायर बदलली, फ्यूज परत १० चा. आमरस आता घरून थर्मासमध्ये येतो.

याच काळात ह्यूस्टनच्या मावसभावाशी व्हिडिओ कॉल झाला. तिकडच्या फोर्ड एफ-१५० हायब्रिडच्या हौद्यात घरासारखे प्लग असतात, वरच्या पॅकेजला ७.२ किलोवॅट. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फ पडून वीज गेली तेव्हा लोकांनी त्यावर घरचे फ्रिज आणि हीटर चालवले होते. मी म्हटलं, इंजिन बंद ठेवून? तर तसं नाही. तिची हायब्रिड बॅटरी दीड युनिटाची, ती उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन भरतं आणि परत झोपतं. म्हणजे वीज शेवटी तिथंही टाकीतूनच येते, फक्त मालकाला आठवण ठेवावी लागत नाही. माझ्या गेटवर वॉचमननं तीही चालू दिली नसती.

मे संपता संपता मी वेगळी बॅटरी घेतली. लिथियम फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, ५० एएच, मला १६ हजारांना पडली. आधी घरातल्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर (ॲसिडची) बॅटरी टाकायचा विचार होता, पण ती दोघांनी उचलायची, उभीच ठेवायची, आणि खड्ड्यात ॲसिड उसळलं तर हौद्यातला माल गेला. लिथियम सहा किलोची, पोरगंसुद्धा उचलतं. मुख्य म्हणजे तिच्यातले ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतात. सीटमागं लाकडी पेटीत बसवलीय, प्लसवर लगेच फ्यूज, तिथून पट्ट्या, भोंगा आणि चार्जर. गाडीच्या बॅटरीशी तिचा काही संबंध ठेवला नाही. अल्टरनेटरवरून भरायला मध्ये वेगळा डीसी चार्जर लागतो, तो खर्च वाचवला आणि रात्री मेव्हण्याच्या पार्किंगमध्ये १० अँपिअरच्या लिथियम चार्जरवर लावतो, झोपेतून उठेपर्यंत भरलेली. मेव्हणा बिल मागत नाही, डाळिंबं मागतो.

जूनपासून सहा तास सगळं लावून कधीच अंधार झाला नाही. सॉकेटात आता व्होल्टमीटर आणि एक मोबाइल एवढंच, आणि एवढ्यासाठी ते उत्तम आहे. कुणी तास-दोन तास उभं राहून फोन, काटा आणि एखादी पट्टी चालवणार असेल तर १६ हजार घालायची गरज नाही. चावी एसीसीवर, मीटर आणि शिस्त पुरते. रोज चार तासांच्या वर असेल तर पहिल्या महिन्याच्या नफ्यातून दुसरी बॅटरी घ्या. पावसात एकच त्रास: पेटीत ओल धरते, म्हणून जोडांना व्हॅसलीन लावतो.

ऑक्टोबरात छाटणी, मग जानेवारीच्या शेवटापर्यंत पुणे बंद. तोवर ती बॅटरी गावी स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या खाली ठेवणार आहे. लाइट गेली की वायफाय आणि दोन बल्ब तिच्यावर. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, भोंगा तेवढा घरात आणायचा नाही.