इसेन्शियल ऑइल: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या तोंडावर इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे वनस्पतींपासून वाफेवर काढलेल्या तीव्र वासाच्या तेलांच्या, चार बाटल्यांचा संच मागवला: लव्हेंडर, टी ट्री, निलगिरी आणि गवती चहा. प्रत्येकी 10 मिली. काच गडद रंगाची, लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव. एवढं बघून घेतलं होतं, म्हणून मी जरा हवेतच होते.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. आंघोळीच्या बादलीत गवती चहाचे सहा थेंब टाकले. रोज चहात टाकतोच की आपण, त्यात काय! पण हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. पहिल्याच तांब्यात वरचा तवंग आला आणि मानेपासून कमरेपर्यंत नुसती आग. तांब्यावर तांब्या ओतत होते, आग कमी होईना. बाहेरून आत्या (माझ्या सासूबाई) ओरडल्या, "अगं पाणी काय ओततीस, खोबरेल लाव आधी!" मिरच्या चिरून हात भगभगले की त्या हेच करतात. खोबरेल चोळून मग साबणानं धुतलं, तेव्हा कुठं थांबलं. लाली दोन दिवस होती.

त्यानंतर हिशोब शिकले. 1 मिली म्हणजे साधारण 20 थेंब. म्हणजे घाण्यावरच्या 10 मिली तिळाच्या तेलात दोनच थेंब टाकले की 1 टक्का होतं, आणि अंगाला तेवढं पुरतं. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण. नवीन मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबते. हे लव्हेंडर मात्र मस्त आहे, रात्री पायाला चोळायला.

निलगिरी डिसेंबर-जानेवारीत खूप वापरली, डिफ्यूझरमध्ये (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) तीन थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून. नणंदेच्या दोन वर्षांच्या पोराच्या रुमालावर आम्ही सर्रास टाकायचो, ते बंद केलं. एवढ्या लहान मुलांच्या नाकाजवळ निलगिरी नकोच, श्वासाला त्रास होऊ शकतो. पोटात गेली तर झटकेही येतात. बाटल्या आता वरच्या फळीवर.

मध्ये कुणीतरी हळदीचं इसेन्शियल ऑइल गळ्यात मारलं. सांगलीकराला हळद विकायची म्हणजे धाडसच! वास मार्केट यार्डात सौद्याला गेल्यासारखा. पण ज्या कर्क्युमिनसाठी, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या गुणकारी घटकासाठी, घेतलं ते त्यात नसतंच; तेल काढताना ते वाफेबरोबर वर येत नाही. पैसे गेले.

टी ट्री चांगलं होतं, पण झाकण नीट न लावल्यानं त्याचा वास आता उग्र झालाय. हवा लागून जुनं झालेलं टी ट्री त्वचेला ॲलर्जी आणतं, म्हणून अंगाला बंद. फरशी पुसायच्या पाण्यात टाकावं म्हटलं, तर घरात बोका. मांजराच्या यकृताला ही तेलं झेपत नाहीत, आणि तो फरशीवर लोळून पंजे चाटणारा. अर्धी बाटली पडून आहे, वर मार्करनं उघडल्याची तारीख लिहिलेली.