एलिझाबेथ एकादशी, किल्ला की नाळ? पोरं घरी असताना कुठला लावायचा

मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली शनिवारी नणंदेची पोरं राहायला येतायत, तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत काय काय बघितलं ते सांग, एकच पिक्चर बघून होणार आहे आणि अर्ध्यात उठून पोरं मोबाईल मागायला लागली असं नको. मी म्हटलं एलिझाबेथ एकादशी, मग म्हटलं थांब, किल्ला, मग नाळ आठवला, शेवटी ती वैतागली आणि म्हणाली आधी तुझं तू ठरव आणि लिहून पाठव. तर हे घे.

आधी आमच्याकडे बघायला कोण कोण होतं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. भाचा तेरा वर्षांचा, भाची आठ, माझी आई बहात्तर, आणि मी, तिन्ही आधी बघून झालेले त्यामुळे मध्ये मध्ये शहाणपणा करणारा. तीन रात्री तीन पिक्चर, मध्ये एक दिवस फराळाच्या डब्यांसाठी सुट्टी.

वरवर बघितलं तर तिन्ही एकाच माळेतले वाटतात. लहान पोरगं, गाव, आणि घरात काहीतरी हललेलं. एलिझाबेथमध्ये वडील वारलेत, किल्लामध्येही वारलेत, नाळमध्ये आईबाप दोघं डोळ्यासमोर आहेत आणि तिथेच खरी गडबड आहे. म्हणून लोक तिन्ही नावं एका दमात सांगतात, 'मुलांसाठी चांगले मराठी पिक्चर' म्हणून. पण एलिझाबेथ बोलतो आणि बाकीचे दोन नुसते बघत राहतात. एलिझाबेथचा दिग्दर्शक परेश मोकाशी मुळात नाटकवाला, त्यामुळे त्याच्या पिक्चरमध्ये चुरचुरीत संवाद, पोरांची कचाकचा भांडणं, कोणीतरी सतत काहीतरी बोलतंय. किल्लाचा अविनाश अरुण आणि नाळचा सुधाकर रेड्डी यक्कंटी दोघंही कॅमेरावाले, सैराटचा कॅमेरा या रेड्डीचाच. ते पाणी दाखवतात, वाट दाखवतात, पोराचा चेहरा दाखवतात आणि गप्प बसतात. तुझ्या घरात किती वेळ कोणी न बोलता बसू शकतं, त्यावर अर्धा निर्णय होतो बघ.

एलिझाबेथ एकादशी (2014) सगळ्यात सोपा. पंढरपूर, ज्ञानेश आणि त्याची बहीण झेंडू, वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते, कर्ज थकतं, मशीन जप्त होतं आणि सायकल विकायची वेळ येते. मग पोरं ठरवतात की यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचं. बास, एवढीच गोष्ट, पण गर्दीत दुकान टाकणं म्हणजे काय ते इतकं खरं दाखवलंय की आमचा भाचा मध्येच हिशोब करायला लागला, एवढ्या बांगड्या विकल्या तर किती सुटतील म्हणून. आईचं वेगळंच चाललेलं, तिला गोष्टीशी घेणंदेणं नाही, पंढरपूरची गल्ली दिसली की "ही बघ, इथूनच आपण गेलो होतो", प्रत्येक गल्लीला हेच, आणि आम्ही पंढरपूरला एकदाच गेलोय. ज्ञानेशचा मित्र गण्या मात्र जपून, कार्ट्याचं तोंड जरा सुटलेलं आहे, भाचीने दुसऱ्या दिवशी त्यातला एक शब्द जेवणाच्या ताटावर वापरला. गावातली पोरं तशीच बोलतात, मला त्यात काही वाटत नाही, पण तुझी नणंद कशी आहे ते तुला माहिती. दीड तासात संपतो हा आणखी एक फायदा. तक्रार म्हणशील तर थोडा जास्तच गोड आहे, अडचणी येतात तशा चटचट मिटतात.

किल्ला (2015) ला मुलांचा पिक्चर म्हणतात, बर्लिनलाही मुलांच्याच विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालंय, पण माझं मत विचारशील तर तो आईचा पिक्चर आहे. नवरा गेलेला, सरकारी नोकरी, पुण्याहून कोकणात बदली, ऑफिसात वरून दबाव, आणि घरी अकरा वर्षांचं तोंड फुगवून बसलेलं पोरगं. अमृता सुभाषने ती बाई कशी केलीये सांगू, ती दमलीये हे ती एकदाही सांगत नाही, नुसती घरात येते तेव्हा कळतं. त्या चिन्मयला गावात मित्र मिळतात, त्यात बंड्या म्हणजे पार्थ भालेराव, भूतनाथ रिटर्न्समध्ये अमिताभसोबत होता तोच, आणि जेवढं हसू आहे ते सगळं त्याचं. मग पोरं सायकलची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि चिन्मय मागे एकटाच राहतो. भिंती ओल्या, आतून तो हाका मारतोय आणि कोणी ओ देत नाही. एवढंच आहे, भूत नाही काही नाही, पण आमच्याकडे भाचा जो उशीला टेकून लोळत होता तो उठून ताठ बसला. नंतर त्याने विचारलं की ते मित्र मुद्दाम सोडून गेले का रे, मी म्हटलं तुला काय वाटतं, तर बोलला नाही. याच वर्षी त्याची शाळा बदललीये, मला ते पिक्चर लावताना लक्षातच आलं नव्हतं. भाची मात्र विसाव्या मिनिटाला झोपली. आणि अजून एक, हा दुपारी पडदे उघडे ठेवून लावू नकोस, काहीच दिसत नाही, अर्धा पिक्चर ढगाळ उजेडातला आहे. आम्ही रात्री दिवे घालवून लावला तरी आई म्हणत होती टीव्ही अंधुक झालाय का.

(जाता जाता, एलिझाबेथ आणि किल्ला दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार एकाच वर्षीचे, 2014 चे, किल्ला थिएटरात मात्र 2015 ला आला. एकाला बालचित्रपटाचा, दुसऱ्याला मराठी चित्रपटाचा, आणि त्याच वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 'कोर्ट' या मराठी पिक्चरला. काय वर्ष होतं!)

आता नाळ (2018). हा मला तिन्हीत सगळ्यात आवडतो आणि हाच मी शनिवारी लावू नको म्हणतोय. विदर्भातलं नदीकाठचं गाव, चैत्या नावाचं आठेक वर्षांचं पोर, दिवसभर उंडारतंय, आईचं लाडकं. एक दिवस पाहुणा आलेला मामा बोलून जातो की ही तुझी खरी आई नाही. त्यानंतर ते पोर आईकडे ज्या नजरेने बघायला लागतं ना, श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्या नजरेला असणार. देविका दफ्तरदार आई आहे, तिला कळतच नाही पोराला झालंय काय, ती आपली कामं करत राहते. आणि त्यात ती म्हैस. तिचं रेडकू मरतं, मग पेंढा भरलेलं रेडकू तिच्यापुढे ठेवून दूध काढतात. ते पोर तिथे उभं राहून बघतं, कोणी त्याला समजावत नाही, पिक्चर आपल्यालाही समजावत नाही. माझी आई, जी एलिझाबेथभर बोलत होती, ती इथे गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, आमच्याकडे गावाला असंच करायचे. पुढे काही नाही.

भाचीने पिक्चर संपायच्या आधीच विचारलं, मी कुठल्या दवाखान्यात झाले. तिच्या आईला फोन लावून फोटो मागवावे लागले, रात्री साडेदहाला. आमच्याकडे हसण्यावारी गेलं, पण येणाऱ्या पोरांमध्ये कोणी दत्तक असेल, किंवा घरात असं काही असेल जे अजून सांगितलेलं नाही, तर हा पिक्चर पाहुण्यांत नाही लावायचा. आधी मोठ्यांनी एकट्याने बघायचा, मग घरच्या घरी. आणि नाळ 2 (2023) थेट लावू नकोस, त्याला बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार वगैरे आहे पण पहिला बघितल्याशिवाय त्यातल्या भेटीगाठींचं वजन कळत नाही.

तर शनिवारी चारपाच पोरं, वयं सहा ते तेरा, सोबत सासूबाई, आणि मध्ये भेळ होणार असेल, तर एलिझाबेथ, विचारच करू नको. भेळ खाताना किल्ला बघणं म्हणजे फुकट घालवणं. पोरं दहाच्या वरची असतील आणि रात्री उशिरा बसणार असाल तर किल्ला, त्यातही एखादं नवीन गावात किंवा नवीन शाळेत गेलेलं असेल तर शेजारी बस त्याच्या. नाळ तू आणि दाजी, पोरं झोपल्यावर.

आणि हो, एलिझाबेथ बघितल्यावर भाचीने तिच्या सायकलचं नाव ठेवलंय, पण ते काय आहे ते मला सांगायला तयार नाही, तुझ्याकडे आली की काढून घे.