पाळणाघराची फी: महिन्याची ठरावीक की तासावर?

घरच्या घरी पाळणाघर सुरू करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, फी कशी लावू?

आधी उत्पन्न बघू. मूल आजारी पडलं किंवा आजी आली की तासाचे पैसे थांबतात. तुमचा खर्च थांबत नाही. त्या मुलासाठी राखलेली जागा दुसऱ्यालाही देता येत नाही. महिन्याची फी त्या जागेची असते, त्यामुळे गैरहजेरीचा फटका बसत नाही.

तासाचा दर काढताना हिशेब हमखास फसतो. पाच मुलं, रोज ९ तास, महिन्याचे २२ दिवस म्हणजे कागदावर ९९० तास. प्रत्यक्षात ७० टक्केच भरले तर ६९३. खर्च आणि स्वतःचा पगार (तो धरायचाच, तुमचे कष्ट फुकटचे नाहीत) यांची बेरीज ६९३ ने भागा. म्हणूनच तासाचा दर चढा दिसतो, आणि तो रास्तच असतो.

पालक घ्यायला उशिरा आले तर तासाच्या पद्धतीत पैसे आपोआप वाढतात. महिन्याच्या फीत उशिराचा आकार आधीच लेखी ठरवावा लागतो, नाहीतर रोजची कुरबुर. उलट तासावर घेतलंत तर येण्याजाण्याच्या वेळांची नोंद रोज हवी.

दोघंही पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या पालकांची मुलं असतील तर महिन्याचीच फी ठेवा. अर्ध्या दिवसाचा वेगळा दर द्या, ते न्याय्य आहे. शिफ्ट बदलणारे किंवा अधूनमधून मूल ठेवणारे पालक असतील तर तासाचा दर, पण किमान तास ठरवून.